कॉम्प्युटर चालू होतो पण विंडोज येत नाही? फॉरमॅट मारायच्या आधी हे बघा

गेल्या सप्टेंबरात, गणपती जाऊन आठवडाही झाला नव्हता, सकाळी सकाळी आमच्या सेक्रेटरी काकांचा फोन. "अरे, सोसायटीच्या ऑफिसातला कॉम्प्युटर नुसता काळा पडलाय आणि एजीएम तोंडावर आलीये, जरा ये ना." एजीएम, म्हणजे सोसायटीची वार्षिक सभा, ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची असते, तीन वर्षांचे हिशोब, मेंटेनन्सची थकबाकी, पार्किंगची यादी, सगळं त्या एका डब्यात. बॅकअप आहे का विचारलं तर म्हणाले, "आहे ना, त्याच कॉम्प्युटरमध्ये."

मी भांडुपला घरी पोचेपर्यंत त्यांनी नाक्यावरच्या एका रिपेअरवाल्याला दाखवूनही झालं होतं, त्याने उभ्या उभ्या दोन मिनिटं बघितलं आणि सांगून गेला की एसएसडी, म्हणजे ज्याच्यावर विंडोज आणि डेटा असतो ती डिस्क, गेली, नवीन टाका, डेटाची गॅरंटी नाही. एसएसडीला काहीही झालेलं नव्हतं. झोल वेगळाच होता आणि तो दोन वर्षांपूर्वी मीच करून ठेवला होता, ते पुढे येतंच. तोपर्यंत ज्याच्या घरी आत्ता असा डबा बंद पडलाय त्याने नवीन काही विकत घ्यायच्या आधी आणि मुख्य म्हणजे कोणाला "मार फॉरमॅट" म्हणायच्या आधी काय काय बघायचं ते सांगतो.

सगळ्यात आधी स्क्रीनवर काय येतंय ते नीट वाचा, शक्यतो मोबाइलवर फोटो काढून ठेवा, कारण नंतर कोणाला फोन लावला की आपण फक्त "काहीतरी इंग्रजीत येतंय" एवढंच सांगतो. पंखा फिरतोय पण स्क्रीनवर काहीच नाही, कंपनीचा लोगोसुद्धा नाही, तर तो विषय ड्राइव्हचा नाहीच, तो रॅमचा किंवा डिस्प्लेचा, आणि मुंबईच्या दमट हवेत पावसाळ्यात रॅमचे पाय काळपट पडतात ते खोडरबराने हलक्या हाताने घासून परत बसवले की निम्म्या वेळा काम होतं. लोगो येऊन मग काळ्या स्क्रीनवर "नो बूटेबल डिव्हाइस", "बूट डिव्हाइस नॉट फाउंड" किंवा "रीबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस" असं आलं तर हा लेख तुमच्यासाठी. आणि विंडोजचं चिन्ह येतं, गोल गोल फिरतं आणि मग निळी स्क्रीन येते, तर डिस्क सापडलेली आहे, विंडोज उठता उठता पडतंय. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइकच्या एका खराब अपडेटने जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर असेच निळे झाले होते, तिथे डिस्कचा काही दोष नव्हता, सेफ मोडमध्ये जाऊन ती फाइल उडवली की मशीन उठत होतं. म्हणून काळ्या आणि निळ्यात गल्लत करू नका.

आता पहिली गोष्ट, हसू नका, सगळे पेनड्राइव्ह, कार्ड रीडर, बाहेरची हार्ड डिस्क, प्रिंटरची वायर, सगळं काढा आणि एकदा चालू करून बघा. कोणीतरी झेरॉक्सवाल्याकडून आणलेला पेनड्राइव्ह मागे लावून विसरतो, मशीन आधी त्याच्याकडे बघतं, त्याच्यात विंडोज नाही, संपलं. माझ्या आत्याच्या कॉम्प्युटरवर दादरला हाच प्रकार होता, मी ट्रेनने धक्के खात गेलो आणि तीस सेकंदांत पेनड्राइव्ह काढून चहा पिऊन परत आलो.

त्याने नाही झालं तर बायॉसमध्ये जा, म्हणजे विंडोजच्या आधी येणाऱ्या, मदरबोर्डच्या सेटिंगच्या स्क्रीनवर. डेस्कटॉपला बहुतेक वेळा चालू करताच डिलीट दाबत राहायचं, डेल आणि एसरच्या लॅपटॉपला एफ२, एचपीला एफ१०. नुसता बूट मेनू, म्हणजे कशावरून चालू करायचं ती यादी, हवा असेल तर डेल, लेनोवोला एफ१२, एचपीला एफ९, असूसच्या लॅपटॉपला एस्केप. एकदाच दाबून वाट बघू नका, पॉवर बटण दाबल्यापासून टकाटक दाबत राहा.

आत गेल्यावर फक्त एकच प्रश्न आहे: डिस्क दिसते का? स्टेशनवर आपण आधी इंडिकेटर बघतो ना, गाडी लागलेलीच नाही तर धावत कुठे जाणार, तसंच हे. स्टोरेज किंवा साटा इन्फर्मेशन असं काहीतरी पान असतं, तिथे तुमच्या डिस्कचं नाव आणि साइज आहे का बघा. आणि मग वेगळं, बूट ऑर्डरच्या पानावर "विंडोज बूट मॅनेजर" आहे का ते बघा. ही दोन वेगळी पानं आहेत आणि बहुतेक लोक, रिपेअरवालेसुद्धा, फक्त दुसरं पान बघून निकाल देतात. बूटच्या यादीत नाव नाही म्हणजे डिस्क मेली असं होत नाही.

पण आधी वरच्या कोपऱ्यातली तारीख बघा. २०१८ किंवा तसलं काही जुनं वर्ष दाखवत असेल तर मदरबोर्डवरचा सेल गेलाय. सीआर२०३२, ३ व्होल्टचा, रुपयाच्या नाण्यासारखा, नाक्यावरच्या घड्याळवाल्याकडे मिळतो, फक्त तो कधीकधी सीआर२०१६ देतो जो तेवढाच गोल पण पातळ असतो, तो घेऊ नका. सेल गेला की मेन स्विच बंद केल्याबरोबर बायॉसच्या सेटिंग सगळ्या फॅक्टरीच्या होतात, आणि तिथेच वाट लागते, कारण तुमचं विंडोज यूईएफआय म्हणजे नवीन मोडमध्ये टाकलेलं असतं आणि बोर्ड परत लेगसी म्हणजे जुन्या मोडवर जाऊन बसतो, किंवा उलटं. तसंच साटाचा, म्हणजे डिस्कच्या जोडणीचा मोड, एएचसीआय होता तो रेड झाला किंवा इंटेलच्या नवीन लॅपटॉपवर व्हीएमडी नावाचं सेटिंग चालू-बंद झालं, की डिस्क असून विंडोज "इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस" म्हणत निळं होतं. आधीचा मोड आठवत नसेल तर दुसरा लावून एकदा बघायला हरकत नाही, नुसतं मोड बदलल्याने डेटा उडत नाही. अपवाद एकच, ज्याच्याकडे खरोखरच दोन डिस्क जोडून रेड केलेलं आहे त्याने हात लावू नका.

बायॉसमध्ये हात घालायच्या आधी लॅपटॉपवाल्यांना एक खास सूचना. विंडोज ११ च्या बऱ्याच लॅपटॉपवर ड्राइव्ह आपोआप लॉक झालेला असतो, बिटलॉकर म्हणतात त्याला, तुम्ही लावलेला नसला तरी. सिक्युअर बूट वगैरे बदललं की पुढच्या वेळी तो ४८ आकडी रिकव्हरी की मागतो. ती की मायक्रोसॉफ्टच्या अकाउंटमध्ये सेव्ह असते, मोबाइलवरून लॉगिन करून डिव्हाइसच्या पानावर मिळते. लोच्या असा की लॅपटॉप घेतला तेव्हा ज्या भाच्याने सेटअप करून दिला त्याच्या ईमेलवर ती जाऊन बसलेली असते आणि तो आता पुण्याला. आधी भाच्याला फोन लावा, मग बायॉस.

डिस्क दिसतच नाहीये, तर बाजू उघडा. मेन स्विच बंद, वायर काढलेली, पॉवर बटण एकदा दाबून उरलासुरला करंट घालवा. साटाची वायर म्हणजे ती चपटी, बऱ्याचदा लाल, तिच्या काही जातींना लॉक नसतं आणि गणपतीच्या साफसफाईत कोणी डबा सरकवला, झाडू मागे घातला, की ती अर्धी बाहेर येते. दोन्ही टोकं काढून परत बसवा, बोर्डावर दुसऱ्या सॉकेटमध्ये लावून बघा, वायरच बदलून बघा, वायर खराब असणं हे डिस्क खराब असण्यापेक्षा स्वस्त आहे म्हणून आधी तेच. पॉवरची रुंद वायर पण दुसरी लावून बघा. एमडॉटटू एसएसडी असेल, च्युइंगगमच्या पट्टीसारखी, तर तिचा स्क्रू काढला की ती तिरकी वर येते, पूर्ण काढा, सोनेरी पाय सुक्या कपड्याने पुसा, परत तिरकीच आत ढकला आणि मग खाली दाबून स्क्रू. आमच्याकडे समुद्र लांब असला तरी हवा खारट दमट असते, पाय पुसून परत बसवल्यावर जिवंत झालेल्या दोन तरी एसएसडी मी बघितल्यात.

तरीही दिसत नाही तर ती डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून बघायची. त्यासाठी लॅमिंग्टन रोडला, ग्रँट रोड स्टेशनवरून चालत, यूएसबीची एन्क्लोजर, म्हणजे आत डिस्क घालून यूएसबीने जोडायची केस, मिळतात. तिथे जाताना जुनी डिस्क सोबत घेऊन जा, नाहीतर घरी येऊन कळतं की बसतच नाही, कारण एमडॉटटूमध्ये साटा आणि एनव्हीएमई असे दोन प्रकार, दिसायला भाऊभाऊ. साटावालीला साधारणपणे दोन खाचा असतात, एनव्हीएमईला एक. दुकानदाराला हातात द्या, तो बरोब्बर काढून देतो.

जुनी हार्ड डिस्क असेल आणि टक... टक... असा आवाज येत असेल तर इथेच थांबा. खरंच थांबा. परत परत चालू करून बघू नका, फ्रिजमध्ये ठेवू नका, चेकडिस्क, ती विंडोजची डिस्क तपासायची कमांड, मारू नका. आतलं हेड अडखळतंय आणि प्रत्येक वेळी चालू केलं की ते आणखी खरवडत असण्याची शक्यता. आत लग्नाचे एकमेव फोटो असतील तर डेटा रिकव्हरीवाल्याकडे द्या, काही महत्त्वाचं नसेल तर सोडून द्या.

डिस्क दिसतेय, आवाज नाही, तरी बूट होत नाही, हा खरा मधला खोपचा आणि इथेच लोक फॉरमॅट मारून मोकळे होतात. थोडक्यात प्रकार असा असतो. नवीन मशीनवर विंडोज एका पार्टिशनमध्ये असतं आणि त्याला उठवणाऱ्या फाइल्स वेगळ्या एका छोट्याशा पार्टिशनमध्ये, साधारण १०० एमबीचं, फॅट३२, ईएफआय म्हणतात त्याला, माय कॉम्प्युटरमध्ये ते दिसतच नाही. बोर्ड त्या छोट्याला शोधतो. ते बिघडलं, उडालं, किंवा जागेवर नाही, तर तुमचं अख्खं विंडोज सुखरूप असून बोर्डाच्या दृष्टीने तिथे काही नाही.

लाइट अचानक गेली की हे व्हायला वेळ लागत नाही, १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी दहाच्या सुमारास अख्ख्या मुंबईची लाइट गेली होती आठवतंय ना, त्या आठवड्यात ओळखीपाळखीतून मला जेवढे फोन आले तेवढे दिवाळीला येत नाहीत.

हे दुरुस्त करायला एक ८ जीबीचा पेनड्राइव्ह आणि दुसरा चालू कॉम्प्युटर लागतो. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून मीडिया क्रिएशन टूल उतरवून विंडोजचा पेनड्राइव्ह बनवा, त्याच्यात आधीचं असेल ते सगळं पुसलं जातं हे लक्षात ठेवा. तो लावून बूट मेनूमधून निवडायचा, निवडताना नावापुढे यूईएफआय लिहिलेली ओळ घ्या. भाषेचं पान आलं की इन्स्टॉल नाही, "रिपेअर युअर कॉम्प्युटर". तिथून ट्रबलशूट, मग स्टार्टअप रिपेअर. एकदा चालवा, फारतर दोनदा. तिसऱ्यांदा चालवून ते शहाणं होत नाही.

मग कमांड प्रॉम्प्ट, म्हणजे कमांड टाइप करायची काळी खिडकी. कमांड मी खाली बोलतो तशा लिहितोय, टाइप अर्थात इंग्रजीत करायच्या. यूट्यूबवरचे निम्मे व्हिडिओ सांगतात बूटरेक फिक्सबूट मारा, आणि मारल्यावर येतं "ॲक्सेस इज डिनाइड", मग लोक आणखी तासभर त्याच्याच मागे. सोडा ते, यूईएफआयवाल्या मशीनला बीसीडीबूट, बूटच्या फाइल्स नव्याने टाकणारी कमांड, हेच औषध.

आता आमच्या सोसायटीचा डबा. बायॉसमध्ये साटाच्या पानावर २४० जीबीची एसएसडी छान दिसत होती. बूटच्या यादीत मात्र काहीच नाही. आणि मी तिच्या शेजारी बघितलं तर जुनी ५०० जीबीची हार्ड डिस्क गायब. बाजू उघडून हात लावला तर फिरत पण नव्हती. तेव्हा माझी ट्यूब पेटली. दोन वर्षांपूर्वी मी एसएसडी टाकली तेव्हा घाईत होतो, जुनी डिस्क न काढता तशीच विंडोज इन्स्टॉल केलं. इन्स्टॉलरला जुन्या डिस्कवर आधीचं ईएफआय पार्टिशन मिळालं, त्याने विंडोज टाकलं एसएसडीवर आणि उठवायच्या फाइल्स टाकल्या जुन्या डिस्कवर. दोन वर्षं कोणाला पत्ता नाही. जुनी डिस्क गेली आणि नव्या एसएसडीला कोणी उठवणाराच उरला नाही.

हे क्लोन केलेल्यांचं पण होतं, एसएसडीवर फक्त सी ड्राइव्ह कॉपी केला आणि जुनी डिस्क काढली की सेम बोंब.

मेलेली डिस्क काढून बाजूला ठेवली, पेनड्राइव्हवरून कमांड प्रॉम्प्टला गेलो. डिस्कपार्ट टाइप करून एंटर, मग लिस्ट डिस्क. तिथे २२३ जीबी दिसली, घाबरू नका, २४० ची एसएसडी विंडोज २२३ दाखवतं, मोजायची पद्धत वेगळी आहे. तिच्यासमोर जीपीटीच्या रकान्यात तारा होता, म्हणजे हीच पद्धत लागू. तारा नसेल तर तुमची डिस्क जुन्या एमबीआर पद्धतीची आहे आणि पुढच्या पायऱ्या तिला लावू नका. मग लिस्ट व्हॉल्यूम. इथे नीट बघा, कारण पेनड्राइव्हमधून आल्यावर अक्षरं बदलतात, तुमचा सी इथे डी असू शकतो, साइजवरून ओळखायचं. आमच्याकडे फॅट३२ चं छोटं पार्टिशन यादीत नव्हतंच, फक्त पेनड्राइव्हचं होतं.

तुमच्याकडे त्याच डिस्कवर ते १०० एमबीवालं असेल तर सोपं आहे, सिलेक्ट व्हॉल्यूम आणि त्याचा नंबर, मग असाइन लेटर=एस, एक्झिट, आणि सरळ बीसीडीबूटवर या. आमच्याकडे नवीन बनवायला लागलं: विंडोजचं व्हॉल्यूम सिलेक्ट केलं, श्रिंक डिझायर्ड=३००, म्हणजे त्याच्या शेपटीकडून ३०० एमबी मोकळी केली, मग क्रिएट पार्टिशन ईएफआय साइज=२६०, फॉरमॅट क्विक एफएस=फॅट३२, असाइन लेटर=एस, एक्झिट. फॉरमॅट हा शब्द बघून काका मागून ओरडलेच, "अरे फॉरमॅट नको म्हणालास ना!" ते फॉरमॅट त्या नवीन २६० एमबीचं, पण त्यांची भीती बरोबर आहे, चुकीचं काही सिलेक्ट असेल तर इथे खरंच कार्यक्रम होतो. म्हणून प्रत्येक पायरीनंतर लिस्ट व्हॉल्यूम मारून सिलेक्ट झालेल्या ओळीपुढचा तारा कुठे आहे ते बघायचं. आणि क्लीन नावाची एक कमांड व्हिडिओत दिसते ती चुकूनही नाही, ती अख्खी डिस्क रिकामी करते.

शेवटी ही एक ओळ, बीसीडीबूट सलग लिहायचं, मधे स्पेस नाही:

बीसीडीबूट सी:\विंडोज /एस एस: /एफ यूईएफआय

पहिलं एस हे स्विच, दुसरं आपण दिलेलं अक्षर. तुमचं विंडोज डी वर दिसत असेल तर सीच्या जागी डी. "बूट फाइल्स सक्सेसफुली क्रिएटेड" असं आलं की खिंड लढवली. आलं नाही आणि "फेल्युअर व्हेन अटेम्प्टिंग" वगैरे आलं तर नव्वद टक्के अक्षर चुकलंय, डीआयआर सी: मारून विंडोज नावाचा फोल्डर कुठे आहे ते बघा. बिटलॉकर असेल तर तो ड्राइव्ह आधी कीने उघडावा लागतो, नाहीतर आतलं काही दिसणारच नाही.

हे करायचा धीर होत नसेल, किंवा डिस्क दिसते पण मधेच अडकते, फोल्डर उघडायला पाच पाच मिनिटं घेते, तर दुरुस्तीच्या आधी डेटा काढा. पेनड्राइव्हवर लिनक्स मिंट किंवा उबंटू टाका, इन्स्टॉल न करता "ट्राय" वर चालवा, तुमची डिस्क फोल्डरसारखी दिसते, बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा. ती फक्त वाचता येतेय, लिहिता येत नाही असं सांगेल, विंडोज नीट बंद झालेलं नसलं किंवा फास्ट स्टार्टअप चालू असलं की तसं होतं, कॉपी काढायला तेवढं पुरतं. आजारी डिस्कवर चेकडिस्क हे कॉपी झाल्यानंतरचं काम, आधीचं नाही. ज्याला सवय आहे त्याने डीडीरेस्क्यूने अख्ख्या डिस्कची प्रत काढावी, ते खराब जागा सोडून आधी चांगल्या जागा उचलतं.

आमचा डबा पेनड्राइव्ह काढून चालू केला, बायॉसच्या यादीत "विंडोज बूट मॅनेजर" आपोआप आलं होतं, अर्ध्या मिनिटात काकांचा सिद्धिविनायकाचा वॉलपेपर. हिशोब सगळे जागेवर. जुन्या डिस्कवर मिनिट्सचे जुने स्कॅन होते ते अडकले, ती डिस्क पाकिटात घालून कपाटात ठेवलीये, रिकव्हरीला पैसे द्यायचे का ते कमिटी ठरवेल, म्हणजे पुढच्या एजीएमपर्यंत तरी ठरणार नाही.

निघायच्या आधी मी कॉम्प्युटर शटडाउन करून मागचा प्लग काढून ठेवला, दहा मिनिटं. काका बघत होते, चालू झालेला कॉम्प्युटर परत का बंद केला म्हणून. प्लग लावून चालू केला, घड्याळ बघितलं, वेळ बरोबर होती, म्हणजे सेल ठीक आहे. मग हिशोबाचा फोल्डर एका पेनड्राइव्हवर टाकला, तो काकांच्या हातात दिला आणि सांगितलं की हा ऑफिसात ठेवायचा नाही, घरी देव्हाऱ्याखालच्या ड्रॉवरमध्ये.